एका गरीला एक घर

आश्विन लागला की मला साचलेल्या पाण्याचा वास हवासा वाटतो. हे घरात कुणाला सांगण्यासारखं नाही. चंद्रपुरात दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या निवृत्त मास्तरानं या दिवसांत गुडघ्यांना तेल चोळावं, पंख्याखाली पेपर वाचावा आणि ‘यंदा ऊन फार’ असं आल्यागेल्याला सांगावं, एवढीच अपेक्षा असते. मी तेही करतो. पण दुपार कलून ऊन तिरपं झालं, पिवळं होऊन गॅलरीतल्या कुंड्यांवर आलं, की माझं लक्ष पेपरातून उडतं. धानोऱ्याजवळच्या एका बोडीचं पाणी आता निवळलं असेल, असं मनात येतं. पावसाळाभर चहासारखं गढूळ असलेलं पाणी. बोडी म्हणजे आमच्याकडे धानाच्या शेताला वरून पाणी द्यायला बांधलेलं लहानसं तळं. तिच्या पाळीवरचं, म्हणजे कडेच्या मातीच्या बांधावरचं, गवत या दिवसांत कमरेला लागतं. खालच्या बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या वाफ्यांमध्ये, धान निसवलेला असतो, आणि कोवळ्या लोंब्यांचा तो दुधाळ वास पाण्याच्या वासात मिसळून येतो. तो वास इथे कुठून येणार? इथे शेजारच्या फ्लॅटमधून फोडणीचा वास येतो.

यंदा या आठवणीला एक निमित्तही झालं. मुलीनं पुण्याहून खोकं पाठवलं. मी दिवसभर मोबाइलवर मासे धरण्याचे व्हिडिओ पाहत बसतो, अशी तिच्या आईनं तिच्याकडे तक्रार केली होती. मुलीनं त्या तक्रारीचा अर्थ आपल्या पद्धतीनं लावला. खोक्यात पारदर्शक प्लास्टिकचा डबा होता. आत अठरा खण, आणि खणाखणांत रबरी बेडूक, चकाकणाऱ्या पत्र्याच्या चमच्या, मोराच्या रंगाचे खोटे मासे. प्रत्येकाच्या पोटाखाली तीन तोंडांची गरी. गरी म्हणजे गळाचा काटा. आमच्या भागात गळ कुणी म्हणत नाही, गरीच म्हणतात. एका व्हिडिओत टोपी घातलेला माणूस फार गंभीर चेहऱ्यानं सांगत होता की, गऱ्या एकमेकींत अडकू नयेत म्हणून आधी पुसाव्यात, मग वाळवाव्यात, टोकांना टोपणं घालावीत आणि एका खणात एकच ठेवावी.

“यात नवीन काय आहे?” मी बायकोला म्हणालो. “हबीबभाईनं हे सारं मले केव्हाच सांगतलं होतं.”

“सांगतलं होतं,” ती भाजी निवडता निवडता म्हणाली. “अन् तुमी आयकलं नाई.”

तिनं मान वर केली नाही.

मी धानोऱ्याच्या शाळेत होतो तेव्हा हबीबभाई तिथल्या बाजारओळीत शिंपीकाम करत. गावात त्यांना सगळे ‘मास्टर’ म्हणत आणि मला ‘गुरुजी’, त्यामुळे आम्ही दोघं मिळून निघालो की सायकल दुरुस्तीवाला ओरडायचा, “आज दोनी शाळा बंद काय जी?” उंच, सडसडीत माणूस. गळ्यात माप घ्यायची टेप, कानावर खडूचा तुकडा. बोलणं हळू, चालणं हळू, आणि कापडावर कात्री मात्र अशी चालायची की बघणाऱ्याचा श्वास अडकावा. आमची ओळख झाली ती माझ्या पँटमुळे, आणि दोस्ती झाली ती मरळीमुळे. मी माप द्यायला गेलो असताना त्यांच्या मशीनच्या खणात मला बेडूक दिसला. हिरव्या अस्तराच्या कातरणीचा, डोळ्यांच्या जागी शर्टाची बारकी बटणं, मागे काळ्या नाडीचे दोन पाय. पोटात ज्वारीच्या ताटाचा भेंड भरलेला, म्हणजे पाण्यावर तरंगावा. वरून मेण चोळलेलं. आणि त्या पायांच्या मधे, नीट लपवलेली, गरी.

“मरळीसाठी?” मी विचारलं.

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. “गुरुजी, कोनाले सांगू नका. सरपंचबाईच्या ब्लाऊजचं अस्तर हाये.”

मरळ हा मोठा मानी मासा. इतर मासे पाण्याखाली गुपचूप जगतात. हिला श्वास घ्यायला वर यावं लागतं. वर येते, पाण्यावर एक फुगा फोडते आणि जाते. तेवढ्या वेळात तिच्या नाकासमोरून बेडूक उडी मारून गेला तर तिला तो अपमान सहन होत नाही. पावसाळ्यात ती पिलांवर असते, लालबुंद पिलांचा पुंजका तिच्या डोक्यावर फिरत असतो, आणि तेव्हा तिला धरायचं नाही असा ढिवरांचा, आमच्याकडच्या मासेमारांचा, नियम आहे. हबीबभाई तो काटेकोर पाळायचे. “लेकरंवाली हाये, राहू द्या,” म्हणायचे आणि काठी गुंडाळायचे. आश्विनापर्यंत पिलं पांगलेली असतात, पाणी स्वच्छ असतं, ऊन गरम आणि वारा पडलेला. मरळीचा खरा मोसम तो.

आणि शिंप्याचाही. दसरा झाला की दिवाळीपर्यंत त्यांच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसे. आसपासच्या गावांतून बाया कापडाची गाठोडी घेऊन येत. चिठ्ठ्या टोचलेले शर्टपीस भिंतीला टेकून छातीइतके उंच रचलेले असत. त्या दिवसांत हबीबभाई बोडीवर यायचे ते आठवड्यातून एखादे वेळी, तेही तासाभरासाठी, आणि येताना अंगावर दोऱ्यांचे तुकडे चिकटलेलेच असायचे. मरळी अशा वर येत असायच्या, फुग्यावर फुगे फुटत असायचे, आणि हा माणूस सूर्याकडे पाहून उठायचा. “जातो, गुरुजी. बारा पँटी कापाच्या हायेत.” चालताना तीनदा वळून पाण्याकडे पाहायचा.

पण त्या तासाभरातलीही पंधरा-वीस मिनिटं गऱ्या ठेवण्यात जायची. त्यांची एक गुंडाळी होती. खाकी पँटच्या उरलेल्या कापडाची हातभर लांब पट्टी, ताठ राहावी म्हणून आत कॉलरचा बक्रम घातलेला, आणि तिच्यावर ओळीनं अरुंद कप्पे शिवलेले. प्रत्येक कप्प्याच्या तळाशी फ्लॅनेलचा तुकडा, त्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब, म्हणजे गंज नको. साधी गरी टोक खाली करून कप्प्यात जायची. तीन तोंडांच्या गरीला आधी भेंडाची टोपी. तिन्ही टोकं भेंडात खुपसायची आणि मगच आत. दोरा निराळा, रिकाम्या रिळांवर गुंडाळलेला, शेवट रिळाच्या खाचेत दाबलेला. हे सगळं पाळीवर मांडी घालून, ओल्या गऱ्या जुन्या बनियनच्या तुकड्यानं एकेक पुसून, उन्हाला धरून, फुंकर मारून चालायचं. मी मागे उभा. दिवस कलायला लागला की त्या रानात वाघाची भीती, आणि माझा स्वभाव मुळात घाईचा, उरकलं म्हणजे झालं असा. बायको मला अजून म्हणते, उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग.

“चला ना जी, मास्टर. वाघाचा टाइम झाला.”

“त्याले सांगा, दोन राह्यल्या.”

“टाका ना पिशवीत. घरी जाऊन लावू.”

मग ते हातातलं काम थांबवायचे आणि लहान मुलाला सांगावं तसं मला सांगायचे, “सुई अन् गरी एकाच जातीच्या, गुरुजी. जागेवर नाई ठेवली तं अंगात सापडते. एका गरीले एक घर पाहिजे.” मी हसायचो. वर्गात पोरांना मी रोज वह्या-पुस्तकं जागेवर ठेवायला सांगत होतो, आणि माझं स्वतःचं टेबल पाहून मुख्याध्यापक मान फिरवत होते.

आता मी सांगणार आहे ते वीसेक वर्षांपूर्वीच्या आश्विनातलं. दसऱ्याच्या सुट्टीनंतरचा रविवार होता. हबीबभाईंना दुकान सोडवत नव्हतं. मी एकटा जातो म्हणालो, तर त्यांनी आपली गुंडाळी माझ्या हातात दिली. पहिल्यांदाच. “घेऊन जा. पण नीट ठेवजा.” त्यांचा चेहरा पाहून मला वाटलं की, आपल्याकडे कुणी सायकलवर पोर बसवून दिलं आहे.

त्या दिवशी बोडी मला पावली. कमळाच्या पानांच्या कडेला पहिल्याच फेकीत मरळ लागली, हातभर. मग चमचीवर दुसरी. मी बेडूक बदलले, चमच्या बदलल्या, वेड्यासारखा पाळीवरून पळत राहिलो. पायांत लाजाळूचे काटे गेले तेही कळलं नाही. ऊन झाडांच्या शेंड्यांवर गेलं तेव्हा भान आलं. पलीकडे मोराचा आवाज झाला आणि एकदम शांत झालं. चार ओल्या गऱ्या बाहेर होत्या. मी त्या तशाच, बुळबुळीत, गुंडाळीसकट पिशवीत टाकल्या. घरी जाऊन लावू म्हटलं. घरी मरळी पाहून अंगणात गर्दी झाली. कुणी हळद आण म्हणालं, कुणी राख आण म्हणालं, आणि मी पाचव्यांदा तीच गोष्ट रंगवून सांगत बसलो. पिशवी खुंटीला राहिली.

सकाळी शाळेला उशीर झालेला. दिवाळीच्या शर्टाचं कापड द्यायचं राहिलं होतं, मी ते त्याच पिशवीत कोंबलं आणि दुकानाच्या फळीवर पिशवी ठेवून सायकलवरूनच ओरडलो, “मास्टर, गुंडाळी हाये यात, अन् शर्टपीस बी!” त्यांनी मशीनवरून हात वर केला. मी पुढे गेलो.

मधल्या सुट्टीत सायकलवाला शाळेच्या फाटकाशी आला. पिशवीतल्या चारही गऱ्या एकमेकींत आणि माझ्या कापडात अडकून त्यांचा गोळा झाला होता. हबीबभाईंनी कापड काढायला हात घातला आणि ओढलं. तीन तोंडांच्या गरीची दोन तोंडं उजव्या हाताच्या पहिल्या बोटात आरपार गेली, उरलेलं कापडात. ते तसेच चालत दवाखान्यात गेले, हाताला माझं कापड लोंबकळत. तिथे कंपाउंडरनं कापड कापायला कात्री उचलली, तर म्हणाले, “कपडा कापू नका. गुरुजीचा हाये.”

सायकलवाला हे कौतुकानं सांगत होता.

संध्याकाळी मी गेलो. खोटं कशाला सांगू, गेलो होतो. दुकानात गिऱ्हाइकांची गर्दी होती, सगळ्यांचे चेहरे दिवाळीचे कपडे मिळणार की नाही या काळजीचे. हबीबभाई खुर्चीवर बसले होते, हात पांढऱ्या पट्टीत. कुणीतरी विचारलं, “कोनाची गरी होती जी?”

“माझीच,” ते म्हणाले.

मी पायरीवर होतो. वर चढलो असतो तर काय झालं असतं? एखादं माणूस मला बोललं असतं, बस. पण ‘माझीच’ हा शब्द ऐकल्यावर माझा पाय उचलेना. मी तसाच मागे फिरलो. त्यानंतर शाळेला जायचा रस्ता मी बदलला. बाजारओळ सोडून लाकडाच्या डेपोमागून जायला लागलो. तिथे सागाच्या ओंडक्यांचा पावसात भिजून वाळलेला वास असायचा, एरवी मला आवडणारा. त्या महिन्यात तो नकोसा झाला. बोट पिकल्याचं कळलं. लोक कापडं परत नेऊन दुसरीकडे टाकत असल्याचं कळलं. रोज ठरवत होतो, उद्या जाऊ. उद्या गेलो तर काल का आला नाहीत याचं उत्तर द्यावं लागेल, म्हणून परवा. दिवस जितके जास्त, तितकं जाणं जड. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, ते असं.

बायको मात्र दोनदा जाऊन आली. “ते तुमाले विचारून राह्यले होते,” तिनं सांगितलं.

“काय विचारत होते?”

“गुरुजी बरे हायेत ना, म्हने. तुमी एकदा जाऊन काऊन येत नाई?”

जातो म्हणालो. आणि उरलेल्या साऱ्या आश्विनात, एकेक दिवस उन्हानं पिकत असताना, मी बोडीकडेही फिरकलो नाही. एकट्यानं जायचं धाडस नव्हतं आणि हक्कही वाटत नव्हता. घरी चार वाजता ऊन तिरपं झालं की मी वह्या तपासायला काढायचो. तांबड्या शाईनं बरोबरच्या खुणा करत जायचो, आणि मधेच कळायचं की आपण चुकीच्या उत्तरालाही बरोबर केलंय.

दिवाळीनंतर बाजारात ते समोरच आले. चहा घेतला. पोरंबाळं, पाऊसपाणी, सगळं बोललो. गऱ्यांचं तेही बोलले नाहीत आणि मीही नाही. थंडीत त्यांनी माझा शर्ट शिवून पाठवला. गरीनं फाटलेल्या जागी रफू इतकं बारीक होतं की बोट फिरवल्याशिवाय कळू नये. तो शर्ट मी फार थोड्या वेळा घातला. उन्हाळ्यात माझी बदली झाली. पुढे त्यांच्या मुलाला घुग्घुसला नोकरी लागली आणि तेही दुकान आवरून तिकडे गेले. मग राहिले ते ईद-दिवाळीचे फोन. तब्येत? ठीक. पाऊस? हाये. चंद्रपूरहून घुग्घुस काही लांब नाही. सकाळी निघून दुपारच्या जेवणाला परत येता येतं. पण माणसाला जायचं नसलं की तालुका परमुलूख होतो.

आठवण फार अप्पलपोटी असते, हे मला या वयात कळतंय. इतकी वर्षं आश्विन आला की मी बोडी आठवायचो, मरळीचे फुगे आठवायचो, फूलपाखरं, शिंगाड्याची वेल, काठीच्या टोकाला येऊन बसणारा खंड्या. पाळीवर मांडी घालून गऱ्या पुसणारा माणूसही आठवायचो, पण त्याची पाठच. त्याचा चेहरा यायला लागला की मी दुसरं काही आठवत असे. मला त्या पाण्याची ओढ आहे असं मी स्वतःला सांगत होतो. पाणी तर चंद्रपुरातही आहे. मला हबीबभाई हवे होते. ‘दोन राह्यल्या’ असं म्हणणारा आवाज हवा होता, आणि त्याच्या मागे उभं राहून कुरकुर करायला मिळणं.

मुलीचा डबा चार दिवस टेबलावर पडून होता. पाचव्या दिवशी मी तो पिशवीत घातला आणि घुग्घुसची बस धरली.

घुग्घुसला झाडांची पानं राखी रंगाची असतात. कोळशाचे ट्रक, सिमेंटची धूळ, पाळी सुटलेल्या कामगारांच्या मोटारसायकली. हबीबभाईंचं घर रस्त्यालाच. ओसरीत तीच जुनी मशीन, त्यावर कामगारांच्या पँटी चेन बदलण्यासाठी पडलेल्या. ते वाकले आहेत, दाढी पांढरी झाली आहे. मला पाहून उठायला लागले, मी खांदा धरून बसवलं. सून पाणी घेऊन आली. “हे आमचे गुरुजी,” एवढंच त्यांनी तिला सांगितलं. तिला आणखी काही सांगायची गरज पडली नाही, यावरून ते आधी पुष्कळ बोललेले असावेत.

मी डबा काढला. त्यांनी चष्मा लावला, एकेक खण उघडून पाहिला, रबरी बेडकाचे पाय ओढून पाहिले. एखाद्या दुसऱ्या शिंप्यानं शिवलेला कोट पाहावा तसं त्यांचं पाहणं होतं.

“घरं चांगली हायेत,” ते म्हणाले. “पन आत गादी नाई. गरी खडखड वाजन अन् टोक मरन.” त्यांनी मशीनच्या खणातून फ्लॅनेलची कातरण शोधली आणि माझ्याशी बोलता बोलता तिचे चौकोन कापायला लागले. कात्री अजून तशीच सरळ चालते. फक्त पहिलं बोट तिच्या कडीत नव्हतं. ते बाजूला ताठ राहत होतं, आणि कडीत मधलं बोट होतं.

ते बोट पाहून मी बोललो. वीस वर्षं तोंडात घोळवलेलं वाक्य अगदीच मोडकंतोडकं बाहेर पडलं. “मास्टर, त्या वर्सी तुमची पूरी दिवाळी गेली माझ्यापायी. मी कधी बोललो नाई.”

त्यांनी बोटाकडे पाहिलं, जणू ते त्यांचं नसावं. “हे? हे तं थंडीपर्यंत भरून आलं. तुमी याच्यासाठी आले काय एवढ्या उन्हाचे?” एक चौकोन कापून झाला, दुसरा झाला. बाहेरून ट्रक गेला. मग त्यांनी कात्री मशीनवर ठेवली. “पन एक विचारतो, गुरुजी. तुमी आले काऊन नाई?”

“लाज वाटली. कोन्या तोंडानं येऊ?”

“लाज!” ते हसले नाहीत. “मी तं वाट पाहून राह्यलो होतो. काम बंद, हात बांधलेला. काठी तं डाव्या हातानं बी धरता येते ना. रोज चार वाजले का वाटे, शाळा सुटली, आता येतीन गुरुजी. दोनी काठ्या दाराशी काढून ठेवल्या होत्या. बायको म्हने, ठेवून द्या आता. मी म्हनो, राहू दे, उद्या येतीन.”

मी खाली पाहिलं. त्यांचं काम बुडवलं, त्यांची गिऱ्हाइकं तोडली, याचं ओझं मी इतकी वर्षं वाहत होतो, आणि ते वाहतो म्हणून स्वतःला थोडा चांगलाही समजत होतो. याच्याहून मोठं काही मी त्यांचं नेलं असेल, हे माझ्या मनात कधी आलं नव्हतं.

हबीबभाईंनी कात्री पुन्हा उचलली.

“तीस वर्सं दिवाळीचे कपडे शिवले, गुरुजी,” ते म्हणाले. “आश्विनात रिकामा मी त्या एकाच वर्सी होतो.”